इंदू लोळत पडली आहे

माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकात जीआरई परीक्षेच्या तयारीचं जुनं ‘बॅरन्स’ हाताला लागलं, तर ते उघडायच्या आधी आडवं धरून पानांची कड पाहावी. शब्दांची यादी जिथे सुरू होते तिथे एक काळपट, तेलकट पट्टा दिसतो. पुढची पानं कोरी करकरीत. हा पट्टा म्हणजे ‘ए’ हे अक्षर. अबेट, अबेयन्स, अब्स्कॉन्ड, अब्स्टेमियस यांच्यावर तीन-तीन रंगांचे हायलायटर फिरलेले असतात. ‘बी’ला रंग एकावर येतो, ‘सी’मध्ये पेन्सिलीच्या तुरळक खुणा, ‘डी’च्या आसपास चहाचा एक गोल डाग, आणि तिथून पुढे मनुष्यवस्ती नाही. त्यामुळे महाराष्ट्रात आज असे असंख्य इंजिनिअर सापडतील, ज्यांना ‘कमी करणे’ किंवा ‘शमवणे’ या अर्थाचे अबेट, अले, अलीव्हिएट, अस्वेज, अटेन्युएट असे पाच शब्द एका दमात सांगता येतात. मात्र ‘ई’पासून पुढच्या इंग्रजीशी त्यांची ओळखदेख नाही.

ज्या परीक्षेपायी हा उद्योग चालतो, तिची सुरुवात 1936 सालची. कार्नेगी फाउंडेशनने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया या चार विद्यापीठांना हाताशी धरून पदव्युत्तर प्रवेशासाठी चाचणीचा प्रयोग केला. पुढे 1947 साली ईटीएस ही संस्था निघाली आणि परीक्षेचा कारभार तिच्याकडे गेला. त्या मंडळींच्या डोळ्यांपुढे सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसलेला, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाचा, ‘क्वांट झालंय, व्हर्बल राहिलंय’ असं दर रविवारी सांगणारा मुलगा असण्याची शक्यता फार कमी. पण परीक्षा आता प्रामुख्याने त्याचीच आहे. अभ्यासिकेत त्याच्या डाव्या हाताला एमपीएससीवाला पंचायत राज पाठ करत असतो, उजव्या हाताला सीएचा मुलगा कलमं. मधे हा ओठ हलवत ‘पल्क्रिट्यूड, पल्क्रिट्यूड’ करत असतो. पल्क्रिट्यूड म्हणजे सौंदर्य. हा शब्द वापरून कुणी कुणाचं कौतुक केलं, तर ऐकणारी डॉक्टरकडे जाईल.

आता हिशेब पाहावा. सप्टेंबर 2023 पासून जीआरई पावणेचार तासांवरून 1 तास 58 मिनिटांवर आली. व्हर्बल या भाषेच्या विभागाचे एकूण प्रश्न 27, वेळ 41 मिनिटं. त्यांतले निम्म्याच्या आसपास उताऱ्यांवर. म्हणजे शब्द माहीत असल्या-नसल्यामुळे जिथे थेट घोडं अडतं, असे प्रश्न उरले तेरा-चौदा. बॅरन्सच्या मोठ्या यादीत शब्द साडेतीन हजार. एका प्रश्नामागे अडीचशे शब्द! इतक्या प्रतिकूल दराने कुठलाही मराठी माणूस एरवी भाजीसुद्धा घेणार नाही.

शिवाय परीक्षेने आपलं धोरण केव्हाच बदललंय. 2011च्या ऑगस्टपर्यंत विरुद्धार्थी शब्द विचारत, शब्दांच्या जोड्या लावायला सांगत. यादी पाठ असली की काम भागायचं. त्या महिन्यात हे दोन्ही प्रकार काढून टाकले, 200 ते 800 ही गुणांची जुनी पट्टी जाऊन 130 ते 170 ही नवी आली, आणि शब्द फक्त वाक्यात विचारायचे असं ठरलं. एका वाक्यात किंवा छोट्या उताऱ्यात एक, दोन किंवा तीन रिकाम्या जागा. किंवा एका रिकाम्या जागेसाठी सहा पर्याय, त्यांतले दोन असे निवडायचे की दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच निघाला पाहिजे. तीनपैकी दोन जागा बरोबर भरल्या तर? शून्य. दोनांपैकी एक पर्याय बरोबर निवडला तर? शून्य. दहावीला गणिताचं उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळतात, या भरवशावर वाढलेल्या पिढीला हा शुद्ध अन्याय वाटतो.

तरीही यादी सुटत नाही. ती का सुटत नाही हे घरातल्या संध्याकाळच्या चौकशीवरून कळतं. ‘आज काय केलंस?’ या प्रश्नाला ‘एक चांगला इंग्रजी निबंध वाचला’ हे उत्तर दिलं, तर वडिलांच्या चेहऱ्यावर ‘म्हणजे काहीच केलं नाहीस’ असं स्पष्ट उमटतं. ‘आज सत्तर शब्द झाले’ म्हटलं, की तेच वडील शेजाऱ्यांनाही आकडा सांगून येतात. वाचन मोजता येत नाही, यादी मोजता येते. आपल्याकडे अभ्यास म्हणजे जे मोजता येतं ते. परवचा, श्लोक, सनावळ्या, सगळं याच मापाने मोजलं गेलं. तेव्हा बॅरन्सला आपण हार घालून घरात घेतलं यात नवल नाही. त्या पुस्तकात तीनशे तेहतीस ‘हाय-फ्रीक्वेन्सी’ शब्दांची छोटी यादीही असते. पण एवढ्यावर समाधान मानणारा मुलगा ‘अपेक्षित’ वाचून पास होणाऱ्यांच्या वर्गात मोडतो.

यादी पाठ करण्याची खरी मराठी करामत दिसते ती युक्त्यांमध्ये. हिंदीवाल्यांनी ‘अब्स्कॉन्ड’ म्हणजे ‘कांड करके भागा’ असं बसवून टाकलं, तेव्हा आपली पोरंही मागे राहिली नाहीत. मिटिगेट: गेटवरच भांडण मिटव, म्हणजे तीव्रता कमी कर. लोक्वेशस: लोकांशी बोलतच बसणारा. डिलेटरी: ढिला, वेळकाढू. बिल्क: बिल न देता हॉटेलातून सटकणं, म्हणजे फसवणं. पेन्युरी: खिशात फक्त पेन उरी, म्हणजे दारिद्र्य. व्हॅसिलेट: वशिला लेट पोहोचला, म्हणून साहेबांचा निर्णय होतोय की नाही असा डळमळतोय. आणि या सगळ्यांची महाराणी म्हणजे इंडोलंट: इंदू लोळंत. आळशी.

युक्ती म्हणून यांत काही खोट नाही. वशिल्याच्या युक्तीत तर एका खात्याचा सगळा कारभार बसवलाय. अडचण येते ती परीक्षेच्या पडद्यासमोर. तिथे ‘इंडोलंट’ दिसतो, लगेच इंदू डोळ्यांपुढे येते. पण ती नेमकं काय करत होती ते आठवत नाही. लोळत होती? लोंबत होती? मुलगा मिनिटभर इंदूकडे पाहत बसतो. घड्याळ पडद्याच्या कोपऱ्यात पळत असतं. शेवटी तो ‘मेहनती’च्या अर्थाचा पर्याय निवडतो, कारण त्याला आठवणारी इंदू म्हणजे त्याची आत्या, आणि ती पहाटे साडेचारला उठून पाणी भरते.

विसरण्याचा शास्त्रशुद्ध अभ्यासही झालेला आहे. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने 1885 साली त्यावर पुस्तक काढलं. प्रयोगासाठी त्याला पूर्वी कधी न ऐकलेले, काहीही अर्थ नसलेले शब्द हवे होते. म्हणून त्याने व्यंजन-स्वर-व्यंजन अशा सुमारे 2300 निरर्थक जुळण्या बनवल्या, स्वतःच पाठ केल्या आणि किती वेळात किती विसरतो ते मोजलं. पहिल्या तासाभरातच बरंचसं उडून जातं, असं त्याला आढळलं. त्याला बिचाऱ्याला निरर्थक शब्द घरी तयार करावे लागले. आपल्या मुलांना ते छापील मिळतात.

पुढे 1970च्या दशकात सेबास्टियन लाइटनरने त्यावर खोक्यांचा तोडगा काढला. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या खोक्यात टाकायचं आणि जरा उशिरा पाहायचं. चुकलेलं कार्ड पुन्हा पहिल्या खोक्यात. ही पद्धत चांगली चालते, याबद्दल दुमत नाही. मराठी घरात त्यासाठी चपलांचे खोके लागतात. ते आईने दिवाळीच्या पणत्या, जुन्या लग्नपत्रिका आणि शिलाई मशिनच्या बॉबिनांसाठी आधीच अडवून ठेवलेले असतात. हल्ली हेच काम मोबाइलवरची ॲप्स करतात. चार दिवस लग्नाला गावी जाऊन आलं, की ॲप शांतपणे कळवतं की चारशे कार्डं थकली आहेत. थकबाकीचा हा आकडा एकदा चढला, की मुलगा ॲप उघडायचंच बंद करतो.

ज्या घरात आजी आहे तिथे मात्र वेगळाच चमत्कार घडताना दिसतो. दुपारची वेळ, आजी गवार मोडत बसलेली, नातू शेजारी कार्डं घेऊन. ‘फ्रूगल’, ‘थ्रिफ्टी’, ‘पार्सिमोनियस’, ‘मायझर्ली’ ही चारही त्याने एकाच ढिगात टाकलीत, कारण पुस्तकात सगळ्यांसमोर कमी-अधिक फरकाने ‘पैसे कमी खर्च करणारा’ असंच लिहिलंय. आजी विचारते, ‘चारही सारखे कसे असतील रे? मग चार कशाला केले?’ नातू म्हणतो, ‘इंग्रजीत असंच असतं.’ आजी गवारीची एक शेंग बाजूला ठेवते आणि सांगते, ‘हे बघ, मी करते ती काटकसर. तुझी मामी करते तो चिक्कूपणा. आणि तिचा बाप होता ना, तो कवडीचुंबक.’

ईटीएसला जे तपासायचं असतं ते नेमकं हेच. शब्द स्तुतीचा की निंदेचा, किती तिखट, आणि बोलणारा कोणाच्या बाजूचा. आजीने ते एका शेंगेच्या अवधीत सांगितलं, तेही स्वतःच्या बाजूने निकाल लावून. फरक करण्याची ही नजर घरात फुकट असते, पण आजीला इंग्रजी येत नाही म्हणून तिची गणना मार्गदर्शकांत होत नाही. क्लासवाल्यांकडे पाटी असते.

दुसरे उपेक्षित तज्ज्ञ म्हणजे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले काका. यादीतल्या ज्या शब्दांनी पुतण्याला घाम फुटतो, ते काकांनी चाकरीभर रोज वापरलेत. ‘अबेयन्स’? काकांची हयात फायली अबेयन्समध्ये ठेवण्यात गेली. ‘रिसिंड’? जुना आदेश रद्द करून नवा काढताना. ‘एक्सपेडाइट’? स्मरणपत्रातला आवडता शब्द. तो लिहिल्यानंतर फाइल आणखी सहा महिने हलायची नाही. ‘डिफर’, ‘रिड्रेस’, ‘परूझल’, ‘प्रायमा फेसी’ यांत काका पैकीच्या पैकी. इंग्रज गेला, पण त्याची दप्तरी भाषा तालुक्याच्या कचेरीत पेन्शनपात्र होईपर्यंत राहिली. ‘अब्स्कॉन्ड’चीही तीच गत, इंग्रजी पेपरात आरोपी रोजच्या रोज अब्स्कॉन्ड होत असतात. पुतण्या काकांना विचारत नाही, कारण काकांना विचारलं की शब्दासोबत 1987 सालची बदलीही ऐकावी लागते.

कठीण शब्द निदान कठीण आहेत हे तोंडावर सांगतात. खरा दगा देतात ते ओळखीचे. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मुलगा दर सेमिस्टरला ‘क्वालिफाय’ झालेला असतो. इथे एखादं विधान ‘क्वालिफाय’ करणं म्हणजे त्याला अटी घालून आवरतं घेणं. ‘फ्लॅग’ म्हणजे गळून जाणं, ‘पेडेस्ट्रियन’ म्हणजे रटाळ, कल्पनाशून्य. ‘एनर्व्हेट’ ऐकताना अंगात वीज संचारल्यागत वाटतं, अर्थ मात्र शक्तिपात करणं. ‘नॉइसम’चा गोंगाटाशी संबंध नाही, तो दुर्गंधीचा शब्द. ‘रेस्टिव्ह’ माणूस विश्रांती घेत नसतो, त्याला एका जागी चैन पडत नसतं. आणि ‘सँक्शन’चं काय करायचं? बँक कर्ज सँक्शन करते म्हणजे देते. अमेरिका इराणवर सँक्शन लावते म्हणजे द्यायचं-घ्यायचं बंद करते. एकच शब्द दोन्ही खिडक्यांवर बसलाय.

उच्चारांची तर मजाच निराळी. परीक्षा लेखी, तीही माउसने टिचक्या मारायची. त्यामुळे मनातल्या मनात रुजलेला उच्चार वर्षानुवर्षं उघडा पडत नाही. ‘फसाड’ हा शब्द बराच काळ ‘फकाडे’ म्हणून वावरतो, रत्नागिरीकडचं आडनाव असावं तसा. ‘एपिटमी’चा ‘एपिटोम’ होतो, ‘हायपरबली’चा ‘हायपरबोल’. ‘अराय’ हा बिचारा ‘ऑरी’ म्हणून ओळखला जातो आणि मुलाला वाटतं हे दोन वेगळे शब्द आहेत. अर्थ अचूक, गुण पूर्ण. फक्त तो शब्द कुणी बोलला तर कळणार नाही आणि आपण बोललो तर कुणाला कळणार नाही.

अतिअभ्यासाने डोकं फिरू लागलं, तर त्या अवस्थेलाही इंग्रजीत आपल्याच नाशिक जिल्ह्यातला शब्द आहे: ‘डूलॅली’. मुदत संपलेले ब्रिटिश सैनिक घरी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत देवळालीच्या छावणीत महिनोन्महिने पडून राहत. उकाडा, रिकामपण आणि ताप यांनी त्यांतले काही भ्रमिष्ट होत. परदेशी जायच्या आशेने एका खोलीत बसून भ्रमिष्ट होणं, हे त्यांचंच राहिलेलं काम आता आपली मुलं अभ्यासिकांत पूर्ण करतात. हा शब्द यादीत नसतो, ही ईटीएसची चूक म्हणावी लागेल.

एवढे कष्ट करून जमवलेले शब्द परीक्षेनंतर वाया घालवायला जिवावर येतं. मग ते एसओपीत ओतले जातात. स्टेटमेंट ऑफ पर्पज हा मुळात ‘मला हा विषय का शिकायचाय’ एवढं दोन पानांत सांगायचा साधा कागद. पण त्यात ‘प्लेथोरा’ येतो, ‘मिरियड’ येतो, लहानपणी रेडिओ उघडून पाहिला होता त्याला ‘इन्सेशिएबल क्युरिऑसिटी’ म्हणतात. आंबेगावच्या पॉलिटेक्निकमधला एक बंद पडलेला पंप दुरुस्त केल्याचा प्रसंग ‘एपिफनी’पर्यंत चढतो. पलीकडे एखाद्या अमेरिकन प्राध्यापकाला एका दुपारी असे साठ अर्ज वाचायचे असतात. साठही जणांची जिज्ञासा इन्सेशिएबल, साठही जणांनी रेडिओ उघडलेला. पंप दुरुस्त कसा केला, हे एवढं एकच वाक्य त्याला वाचायचं असतं आणि ते शब्दमर्यादेत बसत नाही म्हणून काढून टाकलेलं असतं.

याच सुमाराला मित्राचा फोन येतो. कोविडच्या काळापासून अमेरिकेतल्या कितीतरी विभागांनी जीआरईची सक्ती काढलीय. कुठे ती ऐच्छिक, कुठे तर गुण पाठवले तरी पाहणार नाही असं स्पष्ट लिहिलंय. अर्जाच्या पाच जागांपैकी तीन अशाच निघतात. घरात ही बातमी कशी सांगायची, हा मोठाच प्रश्न असतो. परीक्षेची फी वीस हजारांच्या वर गेलेली असते आणि चपलांचे खोके अजून कार्डांनी भरलेले असतात. बहुतेक मुलं ती सांगतच नाहीत. पुस्तक धाकट्या चुलतभावाला दिलं जातं, ‘ए’पासून सुरू कर अशा सूचनेसह.

आणि मग येतो मुंबईचा दिवस. वांद्रे-कुर्ला संकुलात अमेरिकन वकिलात आहे. सकाळपासून रांग, हातात पारदर्शक फाइल. खिडकीपलीकडचा अधिकारी जे इंग्रजी बोलतो त्यात बॅरन्सचा एकही शब्द नसतो. कुठे चाललास, काय शिकणार, हेच विद्यापीठ का, पैसे कोण भरणार. दोन-तीन मिनिटांत खेळ खलास. मुलाची उत्तरंही आपोआप तितकीच आखूड होत जातात. ‘टेक्सस.’ ‘मास्टर्स, सर.’ ‘गुड लॅब, सर.’ प्लेथोरा घशाखालीच राहतो. पैशांच्या प्रश्नाला वडील आणि बँकेचं कर्ज, एवढंच सांगायचं असतं. वाक्य रात्री आरशासमोर दहादा म्हणून पाहिलेलं असतं. पण ऐन वेळी कर्ता, कर्म आणि क्रियापद यांची गल्लत होते आणि तो खणखणीत आवाजात बोलून जातो, ‘सर, द बँक हॅज सँक्शन्ड माय फादर.’

अधिकारी एकदा मान वर करून पाहतो आणि पासपोर्ट ठेवून घेतो. म्हणजे व्हिसा मिळाला. बाहेर रस्त्यापलीकडे, जमिनीच्या सातबाऱ्याची झेरॉक्स असलेली दुसरी फाइल काखेत मारून, निर्बंध लागू झालेले वडील वडापाववाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत उभे असतात.